चौथ्या मजल्यावरचे बदक

पत्राचा सारांश: पुण्यातील एका गृहसंकुलात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. घरात त्या, त्यांचे पती, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे असून पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने आठवडे बाजारातून बदकाचे एक पिल्लू आणून दिले. ते आता साधारण पाच आठवड्यांचे झाले आहे आणि पिवळी लव जाऊन त्याला पांढरी पिसे येऊ लागली आहेत. दिवसा ते दिवाणखान्यात मुलीच्या मागे फिरते, संध्याकाळी प्लास्टिकच्या टबात पोहते आणि रात्री न्हाणीघरात झोपते. भात, पाव आणि दुधात भिजवलेली पोळी हे त्याचे खाणे. मुलगी शाळेत गेली की ते एकसारखे ओरडते. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून सोसायटीच्या सचिवांनी पत्र दिले आहे. सासूबाईंना घाण आणि वास सहन होत नाही. बदकांसाठी डायपर मिळतात, ते मागवून पिल्लू घरातच ठेवावे असे पतींना वाटते; तेही जमले नाही तर पाषाण तलावावर सोडून देऊ, तिथे बदके आहेतच, असे ते म्हणतात. “आम्ही त्याला जीव लावला आहे, खर्चाचीही तयारी आहे, मग घरात बदक पाळायला अडचण कोणती?” असा या भगिनींचा प्रश्न आहे. पत्र संपवताना त्यांनी लिहिले आहे की गेले तीन-चार दिवस पिल्लू पाय फाकवून चालते आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसून असते.

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट शेवटच्या वाक्यात आली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. पाच आठवड्यांच्या पिल्लाने पाय फाकवून चालणे आणि बसून राहणे हे आळसाचे किंवा लाडावल्याचे लक्षण नाही. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागते, कारण अन्नातील प्रथिनांपासून ते स्वतःच्या शरीरात तयार करण्याची त्याची क्षमता कमी असते. पॉलिश केलेल्या तांदळाचा भात आणि मैद्याचा पाव यांत ते अगदी थोडे असते. इकडे वजन मात्र झपाट्याने वाढत असते. पांढऱ्या पेकिन जातीचे बदक नीट खायला मिळाले तर सात-आठ आठवड्यांत तीन किलोच्या आसपास जाते. वाढते वजन, कमकुवत पाय आणि त्याखाली गुळगुळीत फरशी, अशी तिहेरी अडचण तुमच्या घरी एकत्र आलेली दिसते. नायसिनची कमतरता वेळेवर लक्षात आली तर पिल्लू बहुधा सुधारते, पण सांधे एकदा वाकडे झाले की ते सरळ होणे कठीण असते. त्यामुळे रविवारच्या सुट्टीची वाट न पाहता येत्या एक-दोन दिवसांत पशुवैद्यकांना दाखवा.

शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ असतात, पक्षी तपासणारे डॉक्टर कमी असतात, म्हणून आधी फोन करून विचारून घ्यावे. तशी सोय जवळपास झाली नाही तर शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. मुंबईच्या वाचकांना परळचे आणि विदर्भातील वाचकांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औषधाची मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या अंदाजाने कुटून घालू नका.

पाव, पोळी आणि दूध आजच बंद करावे. कोंबडीच्या पिल्लांसाठी मिळणारे स्टार्टर खाद्य तात्पुरते चालेल, पण त्यात बदकाला पुरेल एवढे नायसिन नसते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्रुअर्स यीस्टसारखी (हे नायसिन असलेले किण्व, म्हणजे यीस्टची पूड) जोड द्यावी लागेल. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेयर खाद्य मात्र पिल्लाला देऊ नये. त्यातील जास्तीचे कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आणखी एक धोका आपल्याकडे पावसाळ्यात फार सहज घडतो: बुरशी आलेला मका, शेंगदाणे, पेंड किंवा पाव. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उघडकीस आले, आणि या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत बदकाची पिल्ले येतात. “उरलेले, थोडे वास आलेले पक्ष्याला घालू” हा आपल्या घरांतला काटकसरीचा नियम बदकाच्या बाबतीत मोडावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही जीव लावला आहे आणि खर्चाचीही तयारी आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पाळणाऱ्याची इच्छा आणि ऐपत असली की कोणत्याही प्राण्याची गरज घराच्या चार भिंतींत भागवता येते. बदकाच्या दोन मुख्य गरजा अशा आहेत की त्या इच्छेने भागत नाहीत. एक म्हणजे पाणी आणि दुसरी म्हणजे इतर बदके. यांपैकी दुसरी सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून तिच्याविषयी आधी लिहिते.

पिल्लू मुलीच्या मागे मागे फिरते याचा उल्लेख तुम्ही पत्रात तीन वेळा केला आहे, आणि प्रत्येक वेळी ते तिच्याकडे सुखी आहे याचा पुरावा म्हणून केला आहे. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनतज्ज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३५ साली ग्रेलॅग जातीच्या हंसांच्या पिल्लांविषयी सविस्तर लिहिले: अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जी हलती आकृती समोर येईल तिलाच ही पिल्ले आई मानतात आणि तिच्यामागे चालू लागतात, मग ती आकृती माणसाची का असेना. पुढे १९७३ मध्ये लोरेंझ यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. बदकाच्या पिल्लांचेही असेच असते. तुमचे पिल्लू बाजारातून एकटे आले, सोबत दुसरे पिल्लू नव्हते, तेव्हा त्याने जे उपलब्ध होते त्याला धरले. मुलीने त्याला दिलेली माया खरीच आहे. पण पिल्लू मागे येते ते तिची निवड करून नव्हे, तर मागे राहिलेले पिल्लू वाचत नाही या उपजत धास्तीने. ती शाळेत गेल्यावर जे ओरडणे सुरू होते, त्यामागेही हीच धास्ती आहे. कळपापासून तुटलेल्या पिल्लाची ती हाक आहे, आणि तुमच्या घरात ती रोज सकाळपासून दुपारपर्यंत चालते. शेजाऱ्यांना ती कटकट वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु तिचा अधिक त्रास कोणाला होत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

बदक मोठे झाले म्हणून ही गरज संपत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये रानबदकांच्या झोपेचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बदके ओळीने झोपली की टोकाला असणारी बदके बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून, म्हणजे अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, आणि मधली बदके तुलनेने निश्चिंत, दोन्ही डोळे मिटून झोपतात, असे त्यात दिसले. ज्याच्या दोन्ही बाजूंना कोणीच नाही असे बदक न्हाणीघरात कसे झोपत असेल, हे यावरून ताडता येईल. आपल्या देशात बदकपालन जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे तिथेही बदक कधी एकटे दिसत नाही. केरळच्या कुट्टनाडात भाताची कापणी झाली की राखणदार बदकांचे मोठमोठे कळप पाणथळ खाचरांत उतरवतात आणि सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे यांवर ती दिवसभर चरतात. आसामात घरामागच्या पोखरीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पाती जातीची बदके अशीच घोळक्याने राहतात. त्या पाळण्यामागे अंडी आणि मांस यांचा व्यवहार असतो, हे खरे, तरीही दिवसभराच्या जगण्यापुरते ते बदक तुमच्या बदकापेक्षा बदकासारखे जगते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

यावर “मग आणखी एक पिल्लू आणू” असे तुमच्या मनात येईल, आणि सोबतीचा प्रश्न त्याने खरोखरच सुटेल. मात्र दुसरा प्रश्न, पाण्याचा, दुप्पट होईल.

बदकाला पाणी पिण्यापुरते पुरत नाही. डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ ठेवण्यासाठी त्याला संपूर्ण डोके बुडवता यावे लागते, तेही दिवसातून अनेकदा. कोरडे खाद्य घशाखाली उतरवण्यासाठी प्रत्येक दोन-चार घासांनंतर चोच पाण्यात घालावी लागते. आणि अंघोळीनंतर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने अंगभर लावण्याचा त्याचा क्रम चालू राहिला तरच पिसे जलरोधक राहतात; तो क्रम तुटला तर पिसे भिजून जड होतात आणि पाण्यातला पक्षीच पाण्यात गारठतो. यासाठी तलाव हवाच असे मात्र नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मेरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की शेतावरच्या बदकांना वरून पडणारा फवारा किंवा डोके बुडेल असे लांबट पन्हाळ मिळाले तरी त्यांची स्थिती डबके मिळालेल्या बदकांच्या तोडीची राहते. फक्त थेंब-थेंब पाणी देणाऱ्या नळ्यांवर ठेवलेल्या बदकांचे मात्र हाल होतात. तेव्हा तुमचा टब मुळात चुकीचा नाही. अडचण अशी की बदक टबात उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत ते पाणी विष्ठा, खाद्य आणि पिसांनी गढूळ होते, आणि ते रोज, काही वेळा दिवसातून दोनदा, बदलावे लागते. अंगण असेल तर तेच पाणी केळीच्या आळ्यात किंवा भाज्यांच्या वाफ्यात जाते आणि उत्तम खत ठरते. चौथ्या मजल्यावर ते न्हाणीघराच्या जाळीत जाते, पिसांनी जाळी तुंबते, आणि उन्हाळ्यात ज्या इमारतीत टँकर मोजून घेतात तिथे सचिवांचे दुसरे पत्र येते.

डायपरविषयी माझे मत स्पष्ट आहे. बदक साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी विष्ठा टाकते, ती पातळ असते आणि तिच्यावर त्याचा ताबा नसतो. मांजराला मातीची सवय लावता येते तशी बदकाला कशाचीच लावता येत नाही. त्यामुळे डायपर दर दीड-दोन तासांनी बदलावा लागेल. तुम्ही दोघे कामावर आणि मुलगी शाळेत असताना ते कोण करणार? सासूबाईंनी करावे, अशी अपेक्षा बहुधा कोणीच बोलून दाखवणार नाही आणि शेवटी ती त्यांच्यावरच येईल. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर पट्ट्यांखालची पिसे त्याला चोचीने विंचरता येत नाहीत आणि ओलसर राहिलेल्या कातडीला जखमा होतात. आजारी किंवा अपंग बदकाला काही तास घरात फिरू देण्यासाठी डायपर ठीक आहे. आयुष्यभराचा पोशाख म्हणून नाही. चित्रफितींमध्ये डायपर घातलेले बदक सोफ्यावर दीड मिनिट गोड दिसते. त्या घराची उरलेली दिनचर्या कोणी चित्रित करत नाही.

सासूबाईंच्या तक्रारीला घरात “जुन्या वळणाचे सोवळे” समजले जात असल्याचा सूर तुमच्या पत्रात जाणवला. त्यांची बाजू वैद्यकीयदृष्ट्या भक्कम आहे. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतही जुलाब आणि ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुले व वयस्कर माणसे यांना त्याचा त्रास अधिक होतो. ओल्या बिछायतीतून सुटणारा अमोनियाचा वास माणसाला नकोसा होतो, तोच पक्ष्याच्या फुप्फुसांनाही अपाय करतो. बर्ड फ्लूमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण विसरूनही चालणार नाही: देशातील पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला, २०१४ मध्ये कुट्टनाडातील बदकांत तो पसरला, आणि बदकांचे वैशिष्ट्य असे की कोणतेही लक्षण न दाखवता ती हा विषाणू वाहू शकतात. म्हणून पिल्लू घरी आहे तोपर्यंत स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नसावा, त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत, मुलीने त्याचा पापा घेऊ नये आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. हे नियम सासूबाईंच्या समाधानासाठी करत आहोत, असे मात्र मुलीला सांगू नका.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आवाज फुटतो. मादी मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करते, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, त्यामुळे तुमचे पिल्लू मादी निघाले तर आजची तक्रार सौम्य वाटेल. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते, आणि दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवे चालू राहिले तर तिच्या शरीराला तो लांबलेला दिवस वाटून अंडी देण्याचे चक्र थांबत नाही. त्यातून कॅल्शियम झिजते आणि अंडे अडकण्यासारखे जिवावरचे प्रसंग येतात. कडक फरशीवर जड शरीराचा भार पडून तळपायाला गळू होते. पडलेला स्क्रू, नाणे, टाचणी हे सगळे बदक गिळते. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याचा धूर कोणत्याही पक्ष्याला मारू शकतो. नीट सांभाळलेले बदक दहा वर्षांच्या आसपास जगते, म्हणजे तुमची मुलगी एकोणीस वर्षांची होऊन शिक्षणासाठी कदाचित दुसऱ्या गावी गेलेली असेल, आणि ज्या एका माणसाला या पक्ष्याने कळप मानले ते माणूसच घरात नसेल.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: घर हे बदकाचा रात्रीचा निवारा होऊ शकते, आजारपणातील खोली होऊ शकते, पण त्याचे संपूर्ण आयुष्य घरात, तेही एकट्याने, जाऊ नये. तुमच्या सदनिकेत ते जगेल; बदक सोशीक असते. या सोशीकपणावर विसंबून निर्णय घेऊ नये, एवढेच मी म्हणेन.

तरीही पाषाण तलावाचा पर्याय कृपया मनातून पूर्ण काढून टाका. हा विचार तुमच्या पतींनी चांगल्या हेतूनेच मांडला आहे, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तलावावर तुम्हाला जी दिसतात ती रानबदके आहेत: पिवळ्या टोकाच्या चोचीचे हळदी-कुंकू बदक, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे थापट्या आणि तलवार बदक. तुमचे पांढरे बदक त्यांचा दूरचा नातेवाईक असले तरी शेकडो पिढ्या माणसाच्या गोठ्या-अंगणात वाढलेल्या वंशातले आहे. त्याला धड उडता येत नाही, रंग लपत नाही, अन्न शोधायला कोणी शिकवलेले नाही, आणि माणूस दिसला की ते पळण्याऐवजी जवळ जाते. काठावरची भटकी कुत्री, मासेमारीच्या टाकून दिलेल्या दोऱ्या आणि फिरायला येणाऱ्यांनी टाकलेला पाव, हेच तिथे त्याच्या वाट्याला येईल. जगले-वाचलेच तर नवा प्रश्न उभा राहतो. बहुतेक पाळीव बदके ज्या मॅलार्ड नावाच्या रानबदकाच्या जातीपासून आली, तिचा इतर रानबदकांशी सहज संकर होतो. न्यूझीलंडमधील स्थानिक करडे बदक आणि फ्लोरिडातील स्थानिक बदक या दोन्हींचे शुद्ध वंश माणसाने सोडलेल्या मॅलार्डमुळे धोक्यात आले आहेत. शिवाय पाळलेल्या प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. (उलट दिशेने, तलावावरचे रानबदक किंवा त्याची अंडी घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा होय, तशी विचारणा करणारी पत्रेही येतात, म्हणून हा कंस.)

इमारतीच्या गच्चीचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा: एप्रिलमधले तापलेले काँक्रीट, वर घारी, आणि जागा सगळ्यांच्या मालकीची.

उरतो तो पर्याय एकच, आणि तो वाटतो तितका कठीण नाही. पिल्लासाठी असे ठिकाण शोधा जिथे आधीपासून बदके आहेत. कोकणातील किंवा मावळ-मुळशीकडील नातेवाइकांची वाडी, ओळखीच्यांचे शेतघर, एखादे कृषी पर्यटन केंद्र, प्राण्यांसाठी काम करणारी स्थानिक संस्था, यांपैकी कुठेतरी जागा मिळते. बघायला जाल तेव्हा काही गोष्टी तोंडदेखलेपणा सोडून विचाराव्यात. बदके रात्री कुठे बंद करतात? मुंगूस, मांजर आणि कुत्रे यांना शिरता येणार नाही अशी जाळी आहे का, आणि प्रत्येक पक्ष्याला किमान चार चौरस फूट जागा मिळते का? नर किती आणि माद्या किती? एका नरामागे चार-पाच माद्या नसतील तर माद्यांना जखमा होतात, त्यामुळे तुमचे पिल्लू नर निघाल्यास हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि सर्वांत अवघड प्रश्न: ही बदके कापली जातात का? ग्रामीण घरात बदक हे अन्नही असते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण तुमच्या मुलीने नाव ठेवलेले बदक कापले जाऊ नये अशी तुमची अट असेल तर ती आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ती मान्य नसणाऱ्यांवर न रागावता पुढचे ठिकाण पाहा.

ज्या वाचकांकडे तळमजल्याचे घर आणि अंगण आहे, त्यांना माझे उत्तर वेगळे असेल. बंदिस्त अंगण, किमान दोन आणि शक्यतो तीन-चार बदके, दिवसभर सावली, रात्री बंद होणारे मजबूत खुराडे, आणि डोके बुडेल एवढे पाणी रोज बदलण्याची चिकाटी, एवढे असेल तर बदके पाळणे ही आनंदाची गोष्ट आहे. अंगणातल्या गोगलगायींचाही ती बंदोबस्त करतात. तरी आणण्यापूर्वी आपल्या महापालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे कुक्कुटपालनाविषयीचे नियम पाहून घ्यावेत. आणि वाढदिवसाची भेट म्हणून जिवंत पिल्लू आणू इच्छिणाऱ्या सर्व मामा-काका-आत्यांना विनंती आहे की आधी त्या घरातल्या मोठ्यांना विचारावे.

तुमचे पिल्लू पिसांनी पूर्ण भरून यायला आणि पाय सुधारायला अजून तीन-चार आठवडे लागतील. तेवढा काळ ते घरी असेल, तर फरशीवर वर्तमानपत्र नको, ते घसरते. गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा आणि ओली झाली की बदला. पिण्याच्या वाटीऐवजी घमेले ठेवा, कारण ते उलटत नाही आणि त्यात डोके बुडते. टबात वर चढायला एक वीट ठेवा, कोणीतरी समोर असतानाच त्याला पोहू द्या, आणि संध्याकाळऐवजी उन्हाच्या वेळी, कारण आईविना वाढलेल्या पिल्लाच्या पिसांना तेलाचा थर उशिरा चढतो आणि ते लवकर गारठते. दिवसा ते सासूबाईंच्या नजरेच्या टप्प्यात बाल्कनीत जाळीआड राहिले तर ओरडणे कमी होईल, अर्थात त्यांची मनापासून तयारी असेल तरच. सचिवांच्या पत्राला उत्तर न देता बसू नका. पिल्लाची पर्यायी व्यवस्था करत आहोत आणि ती अमुक तारखेपर्यंत होईल, असे दोन ओळींत लिहून द्या. मुदत दिसली की बहुतेक शेजारी नरमतात.

राहिली मुलगी. “ते उडून आपल्या आईकडे गेले” असे तिला सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला हे खोटे आहे हे आज ना उद्या कळेल, आणि त्या वेळी बदकापेक्षा तुमच्यावरचा विश्वास अधिक दुखावेल. तिला खरे कारण सांगा: तू शाळेत असतेस तेव्हा ते घाबरून ओरडते, आणि आपण कितीही केले तरी आपण बदक होऊ शकत नाही. मग जागा निवडण्याच्या कामात तिला घ्या. वर दिलेले प्रश्न तिलाच वहीत लिहून घेऊ द्या आणि तिनेच ते विचारावेत. मोठ्यांना जे विचारायला संकोच वाटतो ते मुले बेधडक विचारतात. ती रडेल, आणि तिला रडू द्यावे. त्या रडण्यावर उपाय म्हणून लगेच ससा किंवा लव्हबर्ड आणू नये, ही विनंती विशेषतः तिच्या वडिलांना आणि मामांना. तलावावर मात्र तिला जरूर न्या, रिकाम्या हाताने आणि दुर्बीण घेऊन, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत. कोणते बदक पाण्यात डोके बुडवून चरते आणि कोणते पूर्ण बुडी मारते, हे ओळखण्यातच तिची एक सकाळ जाईल.

पिल्लाला न्यायचा दिवस ठरला की हवेशीर भोके पाडलेल्या खोक्यातून, सकाळच्या गारव्यात न्या, आणि त्याच्या सवयीचे गोणपाट सोबत द्या. तिथल्या माणसांना सांगा की पहिले दोन-तीन आठवडे त्याला वेगळे, पण इतर बदके दिसतील असे जाळीआड ठेवावे. त्यामुळे आजार असल्यास लक्षात येतो आणि एकमेकांची ओळख चोची न मारता होते. माणसालाच आई मानून वाढलेले बदक कळपात मिसळायला वेळ घेते, कधी काही दिवस, कधी महिना. त्या काळात मुलीने भेटायला जाऊ नये, नाहीतर ते पुन्हा तिच्याच मागे लागेल. नंतर मात्र सुट्टीत खुशाल जावे, आणि जाताना पावाऐवजी वाटीभर मटार न्यावेत.